राजाची उडी

लग्नानंतर मी बायकोला सिल्वासाला आणलं, तेव्हा मी तिथे शाळेत मास्तर होतो आणि माझ्याकडे बुद्धिबळाचं एक इंग्रजी पुस्तक होतं. शाळा सुटली की त्यातल्या सुरुवातीच्या चाली मी पाढ्यांसारख्या पाठ करायचो. बायको माहेरी, पालघरकडे, वडिलांबरोबर देशी पद्धतीने खेळत आलेली. त्या पद्धतीत शह बसलेला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्याची उडी घेता येते. माझ्या आजोळीही तसंच खेळत, म्हणून आमच्या घरात ही उडी चालायची. बायको ती अशा वेळी घ्यायची की मी बघतच राहायचो.

एका रविवारी जवळच्या रांधा गावच्या शाळेतले एक गुजराती शिक्षक आमच्याकडे डाव बघत बसले होते. मी तिचा राजा कोपऱ्यात कोंडला होता. तिने क्षणभर ओठ आवळले आणि राजाच उडवला. मागून हत्तीचा रस्ता मोकळा झाला.

"शह," ती म्हणाली. माझ्या राजाला जायला घर नव्हतं.

"मास्तर, भाभींनी तर तुम्हालाच बाकावर उभं केलं," पाहुणे हसले.

"राजाला अशी उडी नसते," मी म्हणालो. "पुस्तकात नाही."

"अहो, आपण तर नेहमी..."

"ते घरात. खरा नियम हा."

पाहुण्यांसमोर तिने वाद घातला नाही. राजा मागे ठेवला. मी मात केली आणि चहा मागितला.

मी खोटं बोललो नव्हतो, पुस्तकात उडी खरंच नव्हती. एवढ्यावर मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली.

पुढे तिने माझ्याकडून पुस्तकातल्या त्या चाली मागून घेतल्या. मी मराठीत सांगायचो, ती भाजी निवडताना पुटपुटायची. तिचं पाठांतर माझ्याहून चांगलं. आमचे डाव बिनचूक झाले आणि मुके झाले. मी मात्र शाळेत सांगत होतो, बायकोला खरं बुद्धिबळ शिकवलं म्हणून.

एका दुपारी मला राहवलं नाही. "आज तुझ्या माहेरच्यासारखं खेळू," मी म्हणालो. "राजाला उडी आहे."

तिने मोहरे मांडून घेतले.

"खेळले असते हो. पण हात पुढे करायच्या आधीच तुम्ही शिकवलेली चाल आठवते. माझं काही सुचतच नाही."

तिने पुस्तकातल्यासारखंच प्यादं पुढे सरकवलं. मीही उत्तराची चाल केली. तीही मला पाठच होती.