बाबानं टाळ्या वाजवल्या

"माझे वडील रोज दारू पिऊन यायचे. आईला मारायचे, मला मारायचे. घरात अन्नाचा कण नसायचा."

हे मी वाचलं. माईकवर. रविवारी, नागपूरच्या एका मोठ्या चर्चमध्ये, भरल्या सभेत. समोरच्या बाकावरच्या बाया रुमालानं डोळे पुसून राहिल्या होत्या. मागं, शेवटच्या ओळीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर माझा बाप बसला होता. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. पावरलूमची पाळी बुडवून कामठीहून आला होता, पोट्टी भाषण देऊन राहिली म्हणून.

वाचून झालं. सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरानं माझ्या बापानं वाजवल्या.

त्याले ऐकू येत नाही. सारी जिंदगी मागाच्या खडखडाटात उभा राह्यला, कान गेले. मी काय वाचलं ते त्याले कळलंच नाही. पोट्टी बोलली, लोक रडले, म्हणजे चांगलंच बोलली असंन. असं समजून तो माणूस खुर्चीवरून उठून टाळ्या पिटून राहिला होता. अन् मी स्टेजवर, हातात तो कागद. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

माझ्या बापानं उभ्या जन्मात दारूचा थेंब तोंडाले लावला नाही. आमचा आजा पेत होता, हे खरं. छप्पन साली त्यानं नागपुरात दीक्षा घेतली, पंचशील घेतलं, अन् घरी येऊन दारूचं मडकं उकिरड्यावर फोडलं. ती मडक्याची गोष्ट आमच्या घरी दर धम्मचक्र दिनाले सांगतात. बाबा सांगतात, मी ऐकते. माय गेली तेव्हा मी आठवीत होती. तेव्हापासून माझ्या वेण्या बाबानं घातल्या. एक वर, एक खाली. शाळेत पोट्ट्या हसत, पण मी त्या सोडून पुन्हा घातल्या नाहीत कधी.

अशा माणसाले मी दारुडा केलं. तेही कागदावर पाहून पाहून.

आता तुम्ही म्हणसान, मग वाचलं काहून? सांगते.

मी जन्माची संशयी. कोणी फुकटात काही दिलं का मी आधी उलटून पाह्यते, खाली काय लिहिलं आहे ते. मी बारावीत होती तेव्हा हे चर्चवाले आमच्या वस्तीत आले. एक हॉल भाड्यानं घेतला. शिवणक्लास, लेकरायची शिकवणी, थंडीत ब्लँकेट. हॉलच्या भिंतीवर मोठा बोर्ड लावला. 'आमचा उद्देश : शेवटच्या माणसापर्यंत पोहोचणे. आमची मूल्ये : प्रेम, सत्य, सेवा.' मी तो बोर्ड दोनदा वाचला. शेवटचा माणूस म्हणजे आम्हीच, हे समजलं. आमाले कोणी विचारलं नव्हतं का बा तुम्ही शेवटचे आहे का.

पण खोटं कायले बोलू? जबरदस्ती कोणीच केली नाही. बाप्तिस्मा घे, भिंतीवरचे धम्माचे फोटो काढून फेक, असं कोणी म्हटलं नाही. मी वाटच पाहून राहिली होती, का आज म्हणतीन, उद्या म्हणतीन. कोणी म्हटलंच नाही. बारावी झाल्यावर मी तिथंच शिकवणी घ्यायले लागली. पोट्टे चांगले होते. पास्टर पण बरे वाटले. त्यायच्या ओळखीनं एका नर्सिंग कॉलेजात जागा भेटत होती, फक्त चर्चची चिठ्ठी पाह्यजे होती. मले नर्स व्हायचं होतं. माय सरकारी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात गेली, तेव्हापासून व्हायचं होतं.

मग साक्षीची गोष्ट निघाली. त्यायच्यात रिवाज आहे. देवानं माझ्या आयुष्यात काय केलं, हे माणूस सगळ्यायसमोर उभा राहून सांगतो. पास्टर म्हणाले, "ताई, तुमचं तुम्ही लिहा, मनापासून." मी दोन पानं लिहिली. माय गेली ते, वेण्याचं, शिकवणीतले पोट्टे पाढे कसे म्हणतात ते. कमिटीवर एक मॅडम होत्या. सिव्हिल लाइन्सचा बंगला, तीन पिढ्यायपासून ख्रिस्ती, पण "आम्ही मूळचे ब्राह्मण" हे चहा घेता घेता सांगणारच. त्यायनं माझी पानं वाचली.

"छान आहे गं. पण यात काही घडतच नाही. देवाने तुला कुठून बाहेर काढलं, ते दिसायला हवं."

रविवारी स्टेजवर चढताना त्यायनं माझ्या हातात टाइप केलेला कागद दिला. "थोडं नीट केलंय," म्हणाल्या. माईक चालू. सगळे लोक तोंडाकडं पाहून राहिले. मी वाचायले लागली अन् दुसऱ्याच ओळीत दारू आली. थांबायले पाह्यजे होतं. नाही थांबली. डोळ्यासमोर ती चिठ्ठी होती अन् तोंड चालत राह्यलं. हे माझं पाप आहे, दुसऱ्या कोणाचं नाही.

घरी जाताना शेअर ऑटोत बाबा म्हणाले, "मस्त बोलली वं." पूर्ण ऑटोले ऐकू गेलं. मी बाहेर तोंड करून बसली.

चर्चवाल्यायले माझा धर्म नको होता. त्यायले माझी दुर्दशा पाह्यजे होती. अन् ती माझ्यापाशी पुरेशी नव्हती, म्हणून त्यायनं वरून घातली. पण दारूच काहून? मले चैन पडेना. दोन दिवसायनं मी हॉलच्या ऑफिसात पोट्ट्यायची हजेरी ठेवायले गेली. कपाटात घरभेटीच्या फॉर्मची फाइल होती. मी आमच्या घराचा फॉर्म काढला. मॅडमचंच अक्षर. 'वडील : व्यसनी. डोळे लाल, हात थरथरतात, मोठ्याने ओरडतात.'

मॅडम आमच्या घरी आल्या होत्या, तो दिवस मले आठवला. बाबा नुकतेच पाळीवरून आले होते. कापसाचं बारीक तूस डोळ्यात जाते, डोळे लाल होतात. सगळ्या कामगारायचे होतात. दिवसभर माग हादरते, मग हात रात्रीपर्यंत थरथरतात. अन् बाबा ओरडले, हे पण खरं. ते ओरडले होते, "या या! बसा! पोट्टी, चहा ठेव!" बहिरा माणूस हळू कसा बोलंन? खाटेवर धुतलेली चादर टाकली. मॅडम बसल्या नाहीत. चहा घेतला नाही. "आम्ही घेऊन आलोय," म्हणाल्या अन् आपल्या बाटलीतलं पाणी प्यायल्या. चहावर साय धरली. बाबानं मग तो चहा स्वतःच घेतला, वाया जाऊ नये म्हणून.

मी फॉर्म घेऊन मॅडमपाशी गेली. पास्टर तिथंच होते.

"मॅडम, हे तुम्ही काहून लिहिलं? माझा बाप पेत नाही."

मॅडम हसल्या. रागावल्या असत्या तर चाललं असतं.

"अगं, मी इतकी वर्षं वस्त्यांमध्ये फिरते. मला कळत नाही का? तुमच्याकडे हे असतंच. त्यात लाज कसली?"

तुमच्याकडे हे असतंच! माझ्या आज्यानं फोडलेलं मडकं या बाईनं एका ओळीत पुन्हा जोडून आमच्या घरात ठेवलं. मी पास्टरकडं पाह्यलं. ते म्हणाले, "ताई, भावार्थ घ्या. येत्या रविवारी बाहेरचे पाहुणे येणार आहेत. तुम्ही तीच साक्ष द्या, लोकांना फार भिडली. चिठ्ठी मी तयार ठेवतो." हे ते गोडच बोलले. मले तो गोडवा जास्त झोंबला.

शुक्रवारी पावरलूम बंद राह्यते. बाबा दुपारी जेवायले बसले होते. मी म्हटलं, आता सांगतेच. पण आमच्या घरात कानात सांगायची सोय नाही. काहीही सांगायचं तर ओरडून सांगा लागते.

"बाबा! चर्चमध्ये मी वाचलं का तुम्ही दारू पेता!"

"काय?"

"दारू! तुम्ही पेता! मायले मारत होते! असं वाचलं मी!"

शेजारच्या कुसुममावशी हातातलं सूप घेऊन दारात आल्या. "काय झालं वं?" बाबाचा घास हातातच राह्यला.

"तू वाचलं?"

"हव."

"सगळ्यायसमोर?"

"हव."

"अन् मी टाळ्या वाजवल्या."

ताट सरकवून ते उठले. हात धुतले. मी रडून राहिली होती, पण त्यायनं मले जवळ घेतलं नाही. घ्यायलाही नाही पाह्यजे होतं. मग म्हणाले, "मले काहून सांगतं? मी पेत नाही हे मले माहीत आहे. ज्यायले सांगितलं त्यायले सांग."

रविवारी आम्ही दोघं गेलो. बाबा तोच पांढरा शर्ट घालून त्याच शेवटच्या ओळीत बसले. मी म्हटलं, समोर बसा, तर म्हणाले, "इथंच बसतो. मागच्या वेळी इथंच होतो."

पाहुणे समोर. मॅडमनं कागद दिला, प्लास्टिकमध्ये घातलेला, पुन्हा पुन्हा वापरता यावा म्हणून. मी तो स्टँडवर उपडा ठेवला.

"मागच्या वेळी मी इथं खोटं बोलली," मी म्हटलं. "माझा बाप दारू पेत नाही. कधीच प्याला नाही. हे या मॅडमनं फॉर्मवर लिहिलं अन् मी चिठ्ठीच्या लोभानं वाचलं. तुमच्या बोर्डावर सत्य लिहिलं आहे, म्हणून..."

माईक बंद झाला. कोणी केला ते मी पाह्यलं नाही.

मले माईक कायले पाह्यजे? मी बहिऱ्या बापाची पोट्टी आहे. लहानपणापासून या घरातून त्या घरापर्यंत ऐकू जाईन असंच बोलत आली. मी आवाज काढला. "त्याचे डोळे तुसानं लाल होतात! हात मागानं थरथरतात! अन् तो ओरडला नव्हता, तो तुमाले बसा म्हणून राहिला होता! चहा घ्या म्हणून राहिला होता!"

मॅडम उठून माझ्याकडं यायले लागल्या. पास्टर खाली पाहून राहिले. शेवटच्या ओळीत माझा बाप उभा राह्यला. या वेळी त्यानं टाळ्या नाही वाजवल्या. उभाच राह्यला, माझं बोलणं सरेपर्यंत.

चिठ्ठी नाही भेटली. शिकवणी पण गेली. मॅडम म्हणाल्या म्हणे, पोरगी कृतघ्न निघाली. निघाली. नर्सिंगचा फॉर्म मी यंदा दुसरीकडं भरला, कोणाच्याच चिठ्ठीशिवाय. लागला नंबर तर लागला, नाही तर पुढच्या साली पुन्हा भरीन. चर्चच्या फाइलीत आमचा जुना फॉर्म अजून तसाच आहे. दोनदा मागितला, दिला नाही. मी तिसऱ्यांदा जाणार आहे, चौथ्यांदा पण जाणार आहे.

अन् आमच्या गल्लीत आता कोणीही फॉर्म घेऊन येवो. चर्चवाले, पार्टीवाले, संस्थावाले, आपल्या विहारातले का होईनात. मी दारात उभी राह्यते. म्हणते, आधी बसा, चहा घ्या. मग काय लिहिलं ते वाचून दाखवा. हळू नाही, मोठ्यानं वाचा. माझ्या बापाले ऐकू गेलं पाह्यजे.