खंडेनवमीला ओला रंग

नवऱ्याच्या लाकूड वाहायच्या लॉरीची हातभर प्रतिकृती मी सागाच्या तुकड्यांतून केली होती. दुसऱ्या दिवशी ती जोयड्याच्या प्रदर्शनात मांडायची होती, म्हणून निळा ऑइलपेंट देऊन ओट्यावर वाळत ठेवली. त्यात खंडेनवमी. खऱ्या लॉरीची पूजा आटपून सासूबाईंनी कुंकवाचं बोट हिच्याही बॉनेटच्या एका कडेला टेकवलं.

"आत्याबाई, रंग वला हाय!"

"मग काय, बिनपूजेची रस्त्यावर सोडतीस?"

"ही टेबलावर उभी राहणार हाय."

"चाकं हायत न्हवं?"

कुंकू रंगात रुतलं होतं. पुसलं असतं तर रंगही निघाला असता. एकाच कडेला ठिपका वाईट दिसत होता, म्हणून मी त्यांना दुसऱ्या कडेलाही बोट टेकवायला लावलं. लॉरी तशीच प्रदर्शनात गेली.