मावशींची मूठ

मावशींनी एकतीस वर्षं इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरात सर्जनच्या हाती हत्यारं दिली. नवशिक्या नर्सा त्यांच्यापुढे चळाचळा कापत आणि मोठे डॉक्टरही बेतानंच बोलत. लग्न त्यांनी केलं नाही. आईमागे धाकट्या भावाला वाढवलं, त्याला भाकरी आणि थप्पड दोन्ही वेळेवर दिल्या.

कारखाना बंद पडला आणि थंडीच्या तोंडावर माणसं खोल्या सोडून फुटपाथवर आली. एका सकाळी चर्चच्या पायरीवर एक म्हातारा आखडून मेलेला सापडला. मावशींनी पाळकसाहेबांच्या खिळ्यावरची हॉलची किल्ली उचलली.

"मावशी, कमिटीला विचारू तरी," पाळकसाहेब म्हणाले.

"प्रभूनं विचारलं तर कमिटीकडे बोट दाखवणार आहात का?"

रस्त्यावरच्या माणसांसाठी हॉल उघडला. दारावर भाऊ बसला. जेवढ्या सतरंज्या तेवढी माणसं, असा त्याचा खाक्या.

एक दिवस दुपारी चारला मावशी टेबलाशी पावाचे तुकडे करत होत्या. कारखान्यातला एक फिटर बायको आणि लहान मुलीला घेऊन दारात आला. मुलगी तापानं फणफणली होती.

"जागा संपली. उद्या या," भाऊ म्हणाला.

"दादा, पोरीपुरता कोपरा द्या. आम्ही दोघं बाहेर बसतो."

"एकाला कोपरा दिला की दहाजण उभे राहतात. ए बाई, पाय काढ, दार लावायचंय."

बाईनं दार धरून ठेवलं. भावानं तिला ढकललं. ती पायऱ्यांवरून खाली आदळली आणि तिचं कपाळ फुटलं.

फिटरचं डोकं फिरलं. त्यानं मुलीला जमिनीवर ठेवलं, आत घुसून टेबलावरची सुरी उचलली आणि भावाला भिंतीशी दाबून ती त्याच्या गळ्याला लावली. कातडी फाटली. कॉलरवर रक्ताचा ओघळ आला.

"आता सांग, जागा आहे का नाही?"

थिएटरात जन्म काढलेलं माणूस पात्याला हात लावत नाही. तरी मावशींनी उजव्या हातानं पातं घट्ट धरलं आणि गळ्यापासून बाहेर खेचलं. फिटरनं हिसडा दिला. पातं हाडाला भिडलं. मावशींच्या घशातून कण्हणं निघालं, पण मूठ सुटली नाही. सुटली ती फिटरची.

मग त्याच्यावर झुंबड पडली. सतरंज्यांवरची माणसंच आधी उठली. आज सुरी निघाली, म्हणजे उद्या हॉलला कुलूप लागणार, हे त्यांना कळत होतं. कुणी बाकाचा पाय उपटला, कुणी खिडकीचा दांडा काढला. बाहेरून चर्चची तरुण मंडळी काठ्या घेऊन आली.

"तुझ्यापायी आम्ही पुन्हा रस्त्यावर यायचं का रे?"

पहिल्या फटक्यात दात पडले. दुसऱ्यानं त्याचा हात मोडला, त्याचा कडकन आवाज टेबलापर्यंत आला. तो पोटाशी पाय घेऊन पडला, तसे फटके पाठीवर, मग डोक्यावर बसू लागले. दारात मुलगी किंचाळत होती.

हॉलमधल्या माणसांच्या मलमपट्टीला रोज येणारा कंपाउंडर मावशींकडे धावला. "मूठ उघडा आधी, बांधू द्या. शीर तुटलीय."

"किती वेळ आहे माझ्याजवळ?"

"असंच वाहिलं तर फार नाही."

पात्यासकट मिटलेली मूठ घेऊन मावशी घोळक्यात शिरल्या आणि फिटरच्या डोक्याशी उभ्या राहिल्या. त्यांच्या कोपरावरून रक्त त्याच्या केसांत ठिबकत होतं.

"ऐकलंत ना कंपाउंडर काय म्हणाला? काठ्या खाली पडल्याशिवाय मूठ उघडणार नाही."

"म्हातारीला नाटकाचा भारी शौक," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग तिकीट काढून बस. लवकर संपेल."

कुणी हसलं नाही. मावशींचा चेहरा पांढराफटक पडत चालला होता. बाकाचा पाय खाली पडला. मग दांडा पडला, मग काठ्या एकेक करून पडल्या. एक राहिली. ती भावाच्या हातात होती आणि फिटरच्या टाळूवर उगारलेली होती.

"ताई, बाजूला हो. यानं माझा गळा चिरला."

"माहीत आहे. सुरी माझ्याच हातात आहे."

"याच्यासाठी मरशील?"

"त्याच्या बायकोला कुणी ढकललं रे?"

भावाची नजर दाराकडे गेली. मावशी कोसळू लागल्या, कंपाउंडरनं मागून सावरलं. तेव्हा कुठे भावानं काठी टाकली. मावशींनी मूठ उघडली. सुरी आपोआप पडली नाही, कंपाउंडरला ती मांसातून सोडवावी लागली.

भाऊ दाराकडे गेला. फिटरची बायको पायऱ्यांवर बसली होती, पदर कपाळाशी दाबून. मुलगी तिला बिलगली होती. त्याला पाहताच तिनं मुलीला पाठीशी घातलं.

तो दोन पायऱ्या खाली उतरून तिथेच बसला.

"वहिनी," तो म्हणाला, "ते जिवंत आहेत. आत चला."