उस्तादांच्या मिशीतला चीक

झाईजवळ एका चिकूवाडीला लागून सैन्यभरतीची तयारी करून घेणारं केंद्र आहे. तिथे मी दर शनिवारी नीतिशास्त्र शिकवते. एरवी डहाणू रोडच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते, तिथे मुलं झोपतात. इथे झोपत नाहीत, कारण झोपलेल्याला उस्ताद मैदानभर पळवतात. उस्ताद म्हणजे निवृत्त सुभेदार. साताऱ्याकडचे, मोठ्या मिशीचे.

पहिल्याच तासाला मी पुस्तकातला प्रश्न टाकला. होडीत पाच जणांची जागा, बुडणारे सहा. काय कराल?

"मॅडम, होडीत जाळं आहे का?" मच्छीमाराच्या घरचा एक जण.

"असेल. का?"

"ते टाकून देऊ. बसला की सहावा."

"समज, जाळं नाही."

"मग होडी समुद्रात गेलीच कशाला?"

होड्या मी तिथेच बुडवल्या आणि त्यांच्या कामाचं विचारलं. वरिष्ठ चुकला तर? सगळे उस्तादांकडे बघू लागले. शेवटी मीच सांगितलं, "आधी त्याला एकट्याला गाठून तोंडावर सांगायचं. मागून कुजबुजायचं नाही आणि घाबरून गप्प बसायचं नाही." उस्तादांनी मान डोलावली. "बरोबर हाय मॅडमचं. लिवून घ्या!"

केंद्राचा एक नियम होता. शेजारच्या वाडीतल्या फळाला हात लावला की त्याच दिवशी घरी. मैदान वाडीवाल्या शेठचंच, त्यामुळे नियम कडक.

पुढच्या शनिवारी पोचले तर संचालक लालबुंद. कुंपणालगतच्या झाडाची फांदी कोणीतरी ओरबाडली होती. पहाटे पहाऱ्यावर शेजारच्या वेवजी गावची एक मुलगी होती, आणि ती म्हणत होती, "संध्याकाळच्या हजेरीपर्यंत वेळ द्या, सर." संचालकांनी दिला. तोवर चोर पुढे आला नाही तर नाव तिचंच कापलं जाणार होतं. भरती तोंडावर आलेली आणि घरी लग्नाची बोलणी सुरू. घरी जाणं म्हणजे काय, हे तिला नीट माहीत होतं.

तासानंतर ती मला नळापाशी गाठून म्हणाली, "मॅडम, एक उदाहरण विचारू? समजा, एक पहारेकरी आहे. तिने वरिष्ठाला चिकू तोडताना बघितलं."

"समजा, या वरिष्ठाला मिशी आहे?"

"समजा आहे."

मी मैदानाकडे पाहिलं. उस्ताद सकाळपासून तोंड मिटून, नुसत्या शिट्टीवर कवायत घेत होते. मला वाटलं होतं दाढ दुखतेय. घाटावरच्या माणसाला काय ठाऊक, की चिकू झाडावरून काढून खायचा नसतो! धुऊन, अढी घालून पिकवायचा असतो. कच्चा चावला की ओठ चिकटतात, आणि मिशी असेल तर विचारूच नका.

"मॅडम, तुम्ही शिकवलं ते खरं, की तासापुरतं?"

असा प्रश्न कॉलेजात मला कोणी विचारला नव्हता. "खरं," मी म्हटलं. "पण मी येणार नाही. तुझं तूच सांगायचं."

ती खोलीत जाऊन खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. उस्तादांसमोर टाच आपटून उभी राहिली. "उस्ताद, चिकूचा चीक पाण्याने जात नाही. तेल चोळा."

उस्तादांनी बाटलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि बाटली घेऊन आत गेले.

संध्याकाळच्या हजेरीला मिशी चकचकीत होती. "चिकू म्या तोडलं," उस्ताद गरजले. "पोरीचा काय बी दोष न्हाई. नियम सगळ्यास्नी एकच." ट्रंक भरून व्हरांड्यात ठेवलेली होती.

संचालकांना घाम फुटला. चोर बघायला आलेले वाडीवाले शेठ मात्र खो खो हसत सुटले. "अरे साहेब, झाडावरचा चिकू कोणी खाय काय? मागायचा होता नी! पिकलेला दिला असता."

शेठचा राग गेला, पण नियम तसाच होता. पोरांनी त्यावर रीतसर वाद घातला. मोठ्याला माफी दिली तर उद्या आम्हाला कोण धाक घालणार? आणि उस्ताद गेले तर आम्हाला पळवणार कोण? जाळंवाला म्हणाला, "ट्रंक इथे ठेवून जाऊ द्या." शेवटी ती मुलगी बोलली, "नियमात घरी पाठवायचं आहे. परत यायचं नाही, असं कुठे आहे?" संचालकांनी हा मुद्दा इतक्या घाईने मान्य केला की मला त्यातला तर्क तपासायला वेळच मिळाला नाही.

उस्ताद घरी गेले. पुढच्या शनिवारी ते रिक्षातून उतरले, तेव्हा फाटकावर तीच होती. मी मागेच होते.

"थांब! कोण आहे?"

"म्या हाय गं."

"नाव आणि काम सांगा. साहेबांना विचारून येते."

उस्ताद उन्हात ताठ उभे राहिले. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बघितलं का मॅडम? ही भरती हुणार!"

मग ती परत आली आणि म्हणाली, "आत या, उस्ताद. पिशवीत काय आहे, ते दाखवा आधी."