वेटरला गप्प करायची कला

हॉटेलातल्या वेटरचं तोंड गोडीगुलाबीनं कसं बंद करावं, हे सातारा-सांगली पट्ट्यात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. आजवर एकाचंही बंद झालेलं नाही, ही गोष्ट वेगळी!

हे किस्से साठतात कसे सांगू? हॉटेलातनं निघताना चिमूटभर बडीशेप आपण खिशात टाकतो ना, तसे. टाकताना काही वाटत नाही. मग एक दिवस बायको शर्ट धुवायला घेते आणि सगळा चुरा बाहेर पडतो.

आम्ही तिघं. मी, जन्मभर गुळाचा ट्रक हाकलेला, सातवी नापास. दुसरा सुभेदार, मिलिटरीतनं रिटायर. तिसरा गुंडोपंत, हळदीचा दलाल. दर बुधवारी सांगलीत मार्केट यार्डाजवळच्या एका हॉटेलात मटणाचं ताट खायचं, हा आमचा नेम. आणि तिथला वेटर सुरेश. ताट ठेवायच्या आधी बोलायला सुरुवात, ताट उचलल्यावरही चालूच!

*

पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "गाव कंचं, काका?"

मी मूळचा कोरेगावचा. पण खरं सांगितलं की आळी, आडनाव, सोयरीक सगळं निघणार. म्हणून जरा लांबचं गाव फेकलं. "वडूज."

सुरेशनं पाण्याचा जग टेबलावर आदळला. "आवं, मी बी वडूजचाच! आडनाव काय?"

आता माघार कशी घ्यायची? दिलं एक ठोकून. भाकरी येईपर्यंत त्यानं मला त्याच्या आईचा लांबचा चुलतभाऊ करून टाकला होता! "म्हंजे तुमी आमचं मामाच की!"

पुढच्या बुधवारी मामासाठी गावाकडनं पिशवीभर घेवडा आला. "आईनं दिलाय. म्हणली, आपल्याकडचं माणूस हाय, घरच्यागत बघ."

गुंडोपंत टेबलाखाली वाकून हसत होता. मी पिशवी घेतली. लाज वाटून घेवडा घशाखाली उतरेना. म्हणजे उतरला, पण जरा उशिरा.

*

सुभेदार म्हणाले, "तुमाला सिव्हिलियन लोकांना शिस्तच न्हाई. आता बघा." सुरेश आल्याबरोबर छाती काढून ओरडले, "खाने के टाइम बात नहीं!"

सुरेश कडक उभा राहिला. "साहेब, पोस्टिंग कुठं व्हती?"

संपलं! सुभेदारांनी कांदा इकडं ठेवला, लिंबू तिकडं ठेवलं, मधे मिठाच्या डबीचा डोंगर केला आणि बर्फातली गस्त सुरू केली. सुरेश दुसऱ्यांची ताटं हातात धरून ऐकतोय. रश्श्यावर साय धरली तरी गस्त काही परत येईना.

शेवटी कोपऱ्यातल्या टेबलावरनं आवाज आला, "सुभेदार, लढाई संपली असंल तर आमची ताटं सोडा!"

त्या दिवशी सुभेदार मान खाली घालून जेवले. रिटायर झाल्यापासनं पहिल्यांदाच!

*

गुंडोपंतानं बहिऱ्याचं सोंग घेतलं. सुरेश काहीही बोलला की हा कानावर हात ठेवून, "आँ? ऐकू येत न्हाई गड्या!"

पोरगं प्रेमळ. त्यानं ट्रे खाली ठेवला, दोन्ही हातांचा कर्णा केला आणि सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असा ओरडला, "काका, मूळव्याध कशी हाय आता? तिखट चालंल का?"

अर्धं मार्केट यार्ड तिथं जेवत होतं. पलीकडनं एका अडत्यानं उत्तर दिलं, "आज चालंल! उद्या सकाळी विचार!"

गुंडोपंताला तिथल्या तिथं ऐकू यायला लागलं.

*

मग मी ठरवलं, आपणच मौन धरायचं. ओठावर बोट ठेवलं, वर आभाळाकडं दाखवलं, डोळे मिटले.

सुरेशनं हात जोडले. "मामांचं मौन हाय व्हय? मग उपास बी असणारच!"

मी मान हलवून हलवून नाही म्हणतोय, आणि हे दोघं हरामखोर म्हणतायत, "लय कडक पाळतात मामा. रस्सा लांब ठेव, वास लागंल!" शेजारच्या दुकानातनं साबुदाण्याची खिचडी आली. समोर दोघं नळी फोडतायत आणि मी शेंगदाणा चावतोय.

वर सुरेश शेजारी उभा राहून तासभर बोलला. रूमवर एकटाच राहतो, आईशी फोनवर किती बोलणार, गिऱ्हाईक तर वर बघून बोलतसुद्धा नाही. शेवटी म्हणाला, "तुमी ऐकून तरी घेता, मामा."

खिचडी खारट लागली. मीठ जास्त नव्हतं.

*

तरी अक्कल आली नाही. सुरेशचा रोजचा एकच धोशा, "मामींना कवा आणताय? मामींना बघायचं हाय." एका बुधवारी तोंडात नळी, कानात प्रश्न. मी वैतागून बोलून गेलो, "मामी वारली रं तुझी."

सुरेशनं जग खाली ठेवला. पाठ फिरवून आत गेला आणि डोळे पुसून जास्तीचा पापड घेऊन आला.

सुभेदारांनी हातातला घास ताटात टाकला. "गड्या, ही थट्टा न्हवं."

त्यानंतर दर बुधवारी अगदी शांततेत जेवण. मला हवं होतं तसं! आणि दर बुधवारी न मागता एक पापड. सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडायचो आणि पापडच चावायचो.

आता घरची गोष्ट. आमची मालन कित्येक वर्षं म्हणतेय, "एकदा मला बी न्या की तुमच्या त्या हॉटेलात." आणि मी म्हणतोय, "तिथं बायामाणसं येत न्हाईत गं."

मागच्या महिन्यात तिचे डोळे तपासायला दवाखान्यात नेलं. डोळ्यांत औषध घातलेलं, तरी रिक्षातनं बोर्ड वाचला बाईनं! "आवं, हेच न्हवं का तुमचं हॉटेल? बाया तर बसल्यात की आत! मला भूक लागलीय."

रिक्षा थांबली. आम्ही आत बसलो. सुरेश पाणी घेऊन येताना दिसला तसा मी त्याला डोळा मारला, खोकलो, मान हलवली. तो आला, ग्लास ठेवले आणि वाकून मालनच्या पाया पडला.

"नव्या मामी न्हवं का? लय बरं केलंत, मामा! मामी, पहिल्या मामी वारल्यापासनं मामांचं जेवणात ध्यानच नसायचं बघा."

मी मेनू कार्ड तोंडासमोर धरलं. उलटं होतं.

मालननं ते माझ्या हातातनं काढून घेतलं. औषधानं मोठे झालेले डोळे माझ्यावर रोखले. मला सांगलीतनं वडूजपर्यंत पळत जावंसं वाटलं. मग ती सुरेशकडं वळली आणि अगदी मायेनं म्हणाली,

"व्हय रं बाबा. पहिली लय गरीब व्हती. हॉटेलात न्या, हॉटेलात न्या म्हणतच गेली बिचारी. मी तसली न्हाई. मी आता दर बुधवारी येणार!"