मुंग्या खरं सांगतात

आगबोट चुकणार असल्यासारखा तो म्हातारा रोज सकाळी आमच्या घरावरून मांडवीच्या धक्क्याकडे तरातरा जायचा आणि तसाच परत यायचा. मी ओट्यावर गुळाचा चहा घेत हाक मारायचो, "अहो, वाईच टेका!" तो थांबायचा, पण पाय जागच्या जागी हलतच असायचे.

"चहा नको. मधुमेह आहे."

एकदा येताना तो आमच्या अंगणाच्या दगडी गडग्याशी वाकून जमीन न्याहाळत होता.

"काय हरवलं?"

"जाताना इथे लघवीला बसलो होतो. मुंग्या लागल्यात का बघतोय."

"आमच्याच गडग्याशी?" मी भडकलो.

"वैद्य नुसता धीर देतो हो, मुंग्या खरं सांगतात."

मुंग्या नव्हत्या. तो हसला आणि चालू लागला.

त्यानंतर आमच्या मोरीपाशी एक मुंगी दिसली, तरी चहा अर्धा टाकून मी त्याच्यामागून तरातरा निघायचो.