सीलबंद नळी आणि घोटावड्याचा राब

"मावशी, आणखी दोन दिवस थांबा," मी म्हणालो.

"त्ये तुमी मागल्या आठवड्यात बी म्हनला व्हता," राधाबाई म्हणाल्या. "ह्ये धूड हितनं कवा हलनार?"

धूड म्हणजे पिकांवर औषध फवारणारं छोटं विमान. घोटावड्याच्या माळावर ते हौसेनं उतरलं नव्हतं. इंजिनाला पेट्रोल नेणारी रबरी नळी चिरली होती. पायलट वाचला, पण विमान थांबलं ते नेमकं राधाबाईंच्या राबाच्या कडेला. राब म्हणजे शेण, पाला, फांद्या पसरून भाजायची जमीन. तिच्यावरच भाताची रोपं होतात. पेट्रोलशेजारी राब पेटवणार कसा? आणि राब नाही तर वर्षाचा भात नाही. आमच्या तपासणी ऑफिसचे केळकर साहेब सोडून सगळ्यांना हे कळत होतं.

विमान ढकलून का नेलं नाही? तपासणी पुरी होईपर्यंत ते जागचं हलवू नये, असा हुकूम साहेबांनीच वरून मागवून घेतला होता. तो रद्द करायचा तर पुन्हा दिल्ली.

मी विमानांच्या सुट्या भागांचा इन्स्पेक्टर, नोकरीत नवा. त्याआधी कॉलेजात पत्रकं लिहून वाटायचो. गप्प बसायची सवय नव्हती.

विलायती नळी यायला महिने लागणार होते. पुण्याच्या बाजारात ट्रकची तशीच नळी मिळत होती. बाजारातला भाग विमानात चालतो, पण तो लायक आहे हे आधी सिद्ध करावं लागतं. एकाच लॉटचे, म्हणजे एकाच खेपेला बनलेले नग घ्यायचे आणि त्यातले काही छळून पाहायचे. नियम शहाणा आहे. आकाशात गाडी बाजूला घेता येत नाही.

दुकानात एका लॉटच्या चारच नळ्या होत्या. पहिली दाब देऊन फोडली. लागणाऱ्या दाबाच्या कितीतरी पुढे गेल्यावर ती फुटली. दुसरी पेट्रोलमध्ये भिजवली. तिसरी भट्टीत तापवली. तिन्ही पास, पण छळलेली नळी विमानात बसवत नाहीत. साहेबांनी सर्टिफिकेटवर सही केली, चौथी नळी पाकिटात घातली, लाखेचं सील मारलं आणि कपाटात ठेवली.

"साहेब, ती विमानात बसवायची ना?"

"तो ऑफिसचा नमुना. पुढे काही झालं तर ताडून बघायला. पद्धत आहे."

"मग विमानात काय बसवायचं?"

"त्याच लॉटची दुसरी आणा."

"चारच होत्या!"

"मग नवा लॉट, नवी टेस्ट. आवाज कशाला चढवता? इथे सभा नाही चाललेली."

वा! नळी लायक ठरली, आणि लायक ठरली म्हणून कपाटात गेली. फुटलेल्या नळीचा तुकडा नमुना म्हणून ठेवा, रबर तेच आहे, असं मी सुचवलं.

"फुटका नमुना ऑडिटला बरा दिसत नाही," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना जीपमध्ये घालून घोटावड्याला नेलं. राबावर शेण आणि पाला पसरून तयार होता. राधाबाई काडीपेटी घेऊन उभ्या होत्या.

"बाई, पेट्रोल आहे त्यात! भडका उडेल!" साहेब ओरडले.

"म्हनून तर आजच सांगतीया. उद्या सकाळच्याला पेटवनार. समद्या गावाचं राब भाजून झालं, माझाच ऱ्हायलाय."

"विमान जळालं तर जबाबदार कोण?"

"मला काय ठावं? हलवू नगा म्हनून ज्यानं सांगितलं, त्येला इचारा की."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी माळाकडे पाहिलं.

दिवस मावळायच्या आत सील फुटलं. फिटरनं नळी बसवली, आम्ही इंजिन चालवून गळती तपासली. सकाळी पायलट उडाला. राधाबाईंनी वर बघितलंसुद्धा नाही. त्या वाकून पाला पेटवत होत्या.

पाकिटात फुटक्या नळीचा तुकडा गेला, वर नवं सील. ऑडिटवाल्यांनी सील बघितलं, खूण केली आणि पाकीट न उघडताच परत ठेवलं.

आता कुठलाही भाग तपासायला आला की मी आधी विचारतो, सगळ्या टेस्ट झाल्यावर बसवायला एक उरणार आहे का? ऑफिसात लोक हसतात. नियमात हा प्रश्न अजून आलेला नाही.